साडूचं जीपीएस आणि पाडव्याची गुढी

माझ्या साडूने मला फसवलं. सायकलच्या जीपीएसमध्ये फसवलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण घरात ही गोष्ट काढली की दुसऱ्याच वाक्याला बायको "अहो, पुरे आता" म्हणते आणि मूळ मुद्दा राहून जातो. इथे ती मध्ये बोलू शकत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सरकारी कारखान्यात इंजिनियर. पुण्याहून बदलीवर भोपाळला आला आणि इथेच रमला. मराठी इतकं स्वच्छ बोलतो की रेडिओवरच्या बातम्या ऐकतोय असं वाटावं. मी इथलाच. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये मी वाढलो, आणि आज महाराणा प्रताप नगरात माझं नळ, शॉवर आणि फ्लशच्या टाक्यांचं दुकान आहे. ते मला कुणी आंदण दिलेलं नाही. गाळ्याच्या मालकाशी मी इतका वेळ भाव केला की शेवटी तो बिचारा म्हणाला, "भाईसाब, चाबी आप रख लो, बस मुझे घर जाने दो."

धंद्यात मी दोन गोष्टी शिकलो. पहिला भाव हा भाव नसतो, तो नुसता नमस्कार असतो. आणि समोरचा चटकन कबूल झाला, तर माल उलटा करून पुन्हा एकदा बघावा. पण समोर नातेवाईक बसलेला असला की माल उलटा करून बघणं वाईट दिसतं. नातेवाइकांकडून वस्तू घेण्यातला हाच मोठा तोटा आहे.

सायकल मी डॉक्टरच्या दमदाटीमुळे सुरू केली. रक्तातली साखर वाढली होती. आमच्या मराठी मंडळात सायकलवाल्यांचा एक गट आहे, साडूही त्यात आहे. सकाळी निघायचं, मोठ्या तलावाकडे जायचं, आणि परत येताना टी. टी. नगरातल्या एका टपरीवर पोहे खायचे. साखर कमी करायला निघालेली माणसं पोह्यांबरोबर जिलबी मागवतात, पण तो वेगळा विषय आहे.

या गटाची एक प्रथा आहे. गुढीपाडव्याला सकाळी मंडळाची सायकलफेरी निघते. शिवाजी नगरहून सुरुवात, महाराणा प्रताप नगराला वळसा, मग टी. टी. नगरवरून तलावापर्यंत. सगळ्यात पुढच्या सायकलला खरी गुढी बांधतात: वेळूची काठी, रेशमी खण, कडुलिंब, साखरेची गाठी आणि वर उपडा तांब्या. हिला आम्ही गुढीची सायकल म्हणतो. फाल्गुन महिन्यात ज्याने सर्वांत जास्त सायकल चालवली, त्याला हा मान. दर रविवारी पोह्यांच्या टपरीवर प्रत्येकाने आपापला आकडा दाखवायचा. फोन असो की यंत्र, पडद्यावर दिसेल तोच आकडा खरा.

मला तो मान हवा होता. कारण स्पष्ट सांगतो, उगाच भक्तिभावाचा आव आणत नाही. ती फेरी माझ्या दुकानासमोरून जाते. समोरच्या रांगेत फरशीवाला बसतो. त्याने माझी सुरुवातीची दोन गिऱ्हाइकं पळवली होती, हे मी विसरलेलो नाही. त्याच्यासमोरून रेशमी खण फडकवत जायचं, एवढीच माझी इच्छा होती. शिवाय मंडळात पुण्या-मुंबईहून आलेले लोक माझं मराठी ऐकून गालात हसतात. मी "नल्का" म्हटलं की ते "नळ" म्हणतात, जसं काही मी विकतो तो नळ त्यांच्याच परवानगीने गळतो. त्यांच्या सगळ्यांच्या पुढे मी, असं एकदा तरी व्हावं.

मी फसलो त्याच्या आदल्या वर्षी फोनवर मोजून पाहिलं होतं. हँडलला चिमटा लावून त्यात फोन अडकवायचा. पहिली अडचण ऊन. भोपाळचं फाल्गुनातलं ऊन पडद्यावर पडलं की त्यात फक्त माझंच लाल तोंड दिसायचं. दुसरी अडचण घाम. ओलं बोट फोन ओळखतच नाही. तिसरी अडचण गिऱ्हाईक. लोकांच्या घरातल्या टाक्या मी सायकलवर असतानाच फुटतात. एकदा तलावाकाठच्या रस्त्यावर भरधाव जात असताना फोन वाजला.

"भाईसाब, पानी बंद ही नहीं हो रहा!"

"मेन वॉल्व बंद करो!"

"वो कहाँ है?"

"आपके घर में है! मुझे क्या मालूम कहाँ है!"

पुढे चालणारे एक आजोबा दचकून रस्त्याच्या कडेला गेले आणि हात जोडून म्हणाले, "बेटा, हमसे क्या गलती हुई?" त्यांची समजूत काढून फोनकडे बघतो तो मोजणारं अ‍ॅप कधीच बंद पडलेलं. फोनच्या मते मी अजून पॉलिटेक्निकच्या चौकातच उभा होतो. त्या वर्षी माझा दुसरा नंबर आला. पहिल्याने गुढी नेली, आणि फरशीवाल्याने त्याला दुकानाबाहेर येऊन हार घातला. मुद्दाम घातला.

मग संक्रांतीला साडूकडे जेवायला गेलो. जेवण झाल्यावर त्याने कपाटातून एक छोटी काळी डबी काढली आणि टेबलावर ठेवली. सायकलचं जीपीएस. त्याने दोन वर्षं वापरलेलं.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "फोन हा शेवटी फोन. त्याला शंभर कामं. या यंत्राला एकच. उपग्रह बघायचा आणि अंतर सांगायचं. ऊन असो, पाऊस असो, स्पष्ट दिसतं. बटणं आहेत, घामाचं बोट चालतं. बॅटरी दिवसभर. आणि मुख्य म्हणजे याला फोन येत नाही."

"मग तुम्ही का विकताय?"

"मी हौशी माणूस. मला फोन पुरतो. स्पर्धा तुमची आहे. हे तुमच्यासारख्याच्याच हातात शोभेल."

तुमच्यासारख्याच्या. हे शब्द मी अजून विसरलेलो नाही.

त्याने किंमत सांगितली. मी म्हटलं, "निम्मी."

"बरं."

मी थोडा गडबडलो. निम्मी म्हटल्यावर समोरच्याने छातीवर हात ठेवायचा असतो, पोराबाळांची शपथ घालायची असते. हा माणूस नुसता "बरं" म्हणाला. तरी मी पुढे रेटलं. "हँडलचा चिमटा त्यातच."

"त्यातच."

"रबरी कव्हर."

"घ्या की."

"आणि उरलेलं श्रीखंड डब्यात भरून."

आतून मेहुणीचा आवाज आला, "भाऊजी, श्रीखंड तुम्हीच संपवलंत!"

परत येताना स्कूटरवर मागे बसलेली बायको म्हणाली, "एवढ्या पटकन कसं दिलं हो त्यांनी?"

"भाव करायची एक पद्धत असते," मी म्हटलं. "तुला कळायचं नाही."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला बरं वाटत नाही, पण त्या दिवशी वाटलं.

फाल्गुन लागला. मी जीव तोडून सायकल चालवली. भोपाळ ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, हे शहर कुठेही सपाट नाही. तलावाकडे जाताना गार वारा आणि उतार, आणि परत येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. श्यामला हिल्सचा चढ तर असा आहे की वर पोचेपर्यंत माणसाला आपले सगळे शत्रू एकेक करून आठवतात. मी वजनाने भरलेला माणूस. चढावर माझी सायकल चालते कमी आणि विचार जास्त करते. एकदा एक म्हातारी शेळी घेऊन माझ्या बाजूने चालत होती. आम्ही तिघे बराच वेळ बरोबरच होतो. शेवटी शेळी पुढे गेली.

पण यंत्र गुणी निघालं. चढ सुरू झाला की ते "टिंग" करायचं. वर पोचलो की पुन्हा "टिंग-टिंग". वाचायचा चष्मा सायकलवर लावता येत नाही, त्यामुळे पडद्यावरची बारीक अक्षरं मला दिसत नव्हती. पण एवढं कळत होतं की ते माझी दखल घेतंय. चढ लागला, "टिंग", म्हणजे चल, हिंमत कर. वर पोचलो, "टिंग-टिंग", म्हणजे शाब्बास. सदतीस वर्षांच्या संसारात माझं इतकं कौतुक कुणी केलेलं नाही. मी चढावर मुद्दाम जायला लागलो. दिवसातून दोनदा श्यामला हिल्स चढलो. एकदा तर वर पोचून "टिंग-टिंग" झाल्यावर मी त्याला "धन्यवाद" म्हटलं.

परतीच्या वाटेवर बिट्टन मार्केटला भाजी घ्यायची माझी रीत आहे. मी सायकलवरून उतरत नाही. एक हात हातगाडीवर ठेवायचा, गाडी चालेल तसं आपणही हळूहळू चालायचं आणि भाव करायचा. भाजीवाला थांबत नाही, मीही थांबत नाही. त्याला वाटतं पुढच्या गल्लीपर्यंत मी कंटाळेन. मी कंटाळत नाही. अशा भावात एका मटारवाल्याबरोबर मी अर्धं शहर फिरलेलो आहे. तिथेही यंत्र "टिंग" करायचं. मला वाटायचं, मटार स्वस्त मिळाले म्हणून करतंय.

पहिल्या रविवारी टपरीवर मी आनंदाने सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. म्हटलं, "फोनमध्ये ही माया नाही. हे यंत्र माणूस ओळखतं. चढ आला की कौतुक करतं."

साडू पोह्यांवर लिंबू पिळत होता. म्हणाला, "हो, फार संवेदनशील यंत्र आहे ते."

हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मी रात्री झोपतानासुद्धा लक्षात ठेवतो.

आकडे दाखवले तेव्हा माझा आकडा साडूपेक्षा कमी होता. मला वाटलं, सुरुवात आहे. दुसऱ्या रविवारीही कमी. तिसऱ्या रविवारी तर फरक आणखी वाढलेला. मी तीन आठवडे घाम गाळला, पॅन्ट दोनदा शिवून घेतली, आणि हा हौशी माणूस, जो चहासाठी तीनदा थांबतो, पुढे! माझं डोकं फिरलं. त्याचा फोन मी ओढूनच घेतला. त्यावर त्याच्या फेरीची निळी रेघ होती. ती रेघ कमला पार्कपासून निघून सरळ तलावाच्या पाण्यावरून पलीकडे गेली होती.

"बघा!" मी ओरडलो. पोहेवाल्याचा हात कढईत थांबला. "बघा सगळ्यांनी! हा माणूस पाण्यावरून सायकल चालवतो! याला मान देणार? याला तर मत्स्य खात्यात द्या!"

सगळे जमा झाले. साडूने शांतपणे रुमालाला हात पुसले.

"सिग्नल गेला होता, साडूभाऊ. सिग्नल गेला की फोन दोन टोकं सरळ रेघेने जोडतो. रस्ता तलावाला वळसा घालून जातो. म्हणजे मी प्रत्यक्षात जास्त चालवलंय, फोनने कमी धरलंय. पण मी तक्रार केली नाही. पडद्यावर दिसेल तोच आकडा, असा नियम आहे ना आपला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आरोपावर त्याला टाळ्या! एक गृहस्थ तर म्हणाले, "याला म्हणतात सचोटी."

मग साडूने माझं यंत्र हातात घेतलं, दोन बटणं दाबली आणि भुवया उंचावल्या. "अरेच्चा. ऑटो-पॉज चालूच राहिलाय वाटतं."

"काय चालू राहिलाय?"

"ऑटो-पॉज हो. ठरावीक वेगाच्या खाली गेलं की यंत्र समजतं माणूस थांबला, आणि मोजणं थांबवतं. 'टिंग' करतं. वेग वाढला की पुन्हा 'टिंग-टिंग' करून सुरू होतं. मला माझा सरासरी वेग स्वच्छ हवा असायचा, म्हणून मीच ती मर्यादा जरा वर नेऊन ठेवली होती. तुमचे चढ… बहुतेक सगळे विश्रांतीत गेले."

आधी पोहेवाला हसला. मग सगळे.

म्हणजे चढावर मी प्राण सोडत होतो आणि यंत्राच्या मते मी आराम करत होतो. श्यामला हिल्स नाही, मटारवाल्याबरोबरची यात्रा नाही, काहीच धरलेलं नाही. धरले ते फक्त उतार. आणि उतारावर तर सायकल आपोआपच जाते!

"तुम्ही विकताना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठे?"

हे वाक्य माझं आहे. माझ्या दुकानात मी ते रोज वापरतो. नळाबरोबर वॉशर नाही असं गिऱ्हाईक म्हणालं, की मी म्हणतो, आपने पूछा कहाँ? पण ते दुकान आहे! तिथे बोर्ड लावलेला आहे, तिथे येणारा माणूस सावध होऊन येतो. कुणी संक्रांतीचं जेवण वाढून, तिळगूळ देऊन, गोड बोला म्हणून असं वाक्य वापरत नाही. गिऱ्हाईक वेगळं आणि साडू वेगळा. हा फरक त्या शिकलेल्या माणसाला कळू नये?

मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त शिक्षिका, तिथेच बसल्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. मी त्यांच्याकडे वळलो. "ताई, माझे चढ धरा."

"भाऊ, पडद्यावर जे दिसतं तेच."

"बरं, पूर्ण नका धरू. निम्मे धरा."

"भाऊ…"

"पाव. चला, मटारवाल्याचं सगळं सोडलं. फक्त श्यामला हिल्स, तेसुद्धा दिवसातून एकदाच."

"भाऊ, हे अंतर आहे. भाजी नव्हे."

"बरं मग असं करा, याच्यापेक्षा एकच किलोमीटर जास्त धरा. त्याच्याखाली मला परवडत नाही."

ताईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्यांचे खांदे हलत होते. शिकवण्याचा इतका अनुभव असलेल्या बाईने असं हसू नये.

आठवडा शिल्लक होता. यंत्राचं ते पॉज मी चष्मा लावून स्वतः बंद केलं आणि दुकान बायकोवर सोडून फिरत राहिलो. पण तीन आठवड्यांचे चढ एका आठवड्यात भरून निघत नाहीत. पाय सुजले, पण आकडा पुढे गेला नाही. गुढीची सायकल साडूला मिळाली.

पाडव्याला तो रेशमी कुडता घालून सर्वांत पुढे. खण फडकतोय, तांब्या चमकतोय. मी बरोबर त्याच्या मागे राहिलो, इतका जवळ की त्याने ब्रेक लावला असता तर आमचं नातं तिथेच संपलं असतं. महाराणा प्रताप नगरात वळलो. फरशीवाला हार घेऊन बाहेर उभा. त्याने साडूला हार घातला. मग मला बघून म्हणाला, "अरे भाईसाब, आप पीछे? तबीयत तो ठीक है?"

माझ्याच दुकानाच्या पायरीवर बायको आणि मेहुणी उभ्या होत्या. दोघी टाळ्या वाजवत होत्या. मेहुणीने वाजवाव्यात, तिचा नवरा आहे. पण बायको? मी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती म्हणाली, "गुढीला वाजवतेय हो."

इथे गोष्ट संपली असती तर मी कदाचित गिळून टाकली असती. पण पाडव्याच्या दुपारी साडू माझ्याकडे जेवायला आला, पुरी-भाजीवर हात मारला, आणि बडीशेप चघळत म्हणाला, "साडूभाऊ, यंत्र तुम्हाला लाभलं नाही असं दिसतंय. नको असेल तर मी परत घेतो. तुम्ही दिलेत त्याच्या निम्म्यात."

"निम्म्यात?"

"आता वापरलेलं आहे ना."

माझ्या ओरडण्याने शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. यंत्र मी दिलं नाही. मरेपर्यंत देणार नाही. आता लोक मला विचारतात, सायकलसाठी फोन घ्यावा की जीपीएस? माझं उत्तर सरळ आहे. फोन हातात धरा की यंत्र, दोघंही आपल्या मनासारखंच मोजतात. जीपीएस घेतलंत तर नवं घ्या, डबा फोडून घ्या, आणि पुण्याच्या इंजिनियरने हात लावलेलं तर फुकटसुद्धा घेऊ नका.

बायको म्हणते, विसरा. ताई म्हणतात, पुढच्या फाल्गुनात बघू. मेहुणी म्हणते, भाऊजी, घरातली गोष्ट घरात राहू द्या. कुणीही मूळ प्रश्नाला हात घालत नाही. म्हणून मी तो इथे छापून विचारतो, सगळ्यांसमोर.

साडूभाऊ, टपरीवर लिंबू पिळताना, मी त्या टिंगचं कौतुक सांगत होतो तेव्हा, ते काय आहे हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? माहीत नव्हतं म्हणत असाल तर तुम्ही कसले इंजिनियर? आणि माहीत होतं म्हणत असाल तर ती गुढी कुणाची होती? उपग्रहाला मध्ये आणायचं नाही. सिग्नल गेला होता असं म्हणायचं नाही. हो की नाही, एवढंच. बोला.